दांडीच्या पेल्यावरची नक्षी : ओळख आणि मोल

मुंबईत जुन्या काचेची कोणतीही वस्तू विकायला निघाली की तिला एक विशेषण आपोआप चिकटते, ते म्हणजे 'बेल्जियमची'. आरसा असो, हंडी असो वा पातळ दांडीचा नाजूक पेला असो, चोर बाजारातील मटण स्ट्रीटवरचा विक्रेता ती बेल्जियमची असल्याचे सांगतो आणि घरातील वडीलधारी माणसेही तेच सांगत आलेली असतात. बेल्जियममध्ये उत्तम काच होत असे यात शंका नाही. लिएज शहराजवळ सेरँ येथे १८२६ मध्ये सुरू झालेला व्हाल-सें-लांबेर हा कारखाना जगभर नावाजलेला होता. परंतु मुंबईच्या कपाटांत आज जे नक्षीदार पेले सापडतात त्यांत इंग्लंडचे, बोहेमियाचे (म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील भागाचे), फ्रान्सचे, अमेरिकेचे असे सगळेच असतात, आणि 'बेल्जियमचा' या शब्दातून त्यांच्याविषयीचा आदर तेवढा कळतो, माहिती काही मिळत नाही. तो शब्द बाजूला ठेवून पेला स्वतः काय सांगतो ते कसे वाचावे, आणि त्याची किंमत कशावर ठरते, हे येथे पाहू.

ज्या पेल्याला वाटी, दांडी आणि तळ असे तीन भाग असतात त्याला व्यापारात स्टेमवेअर म्हणतात. आपण त्याला दांडीचा पेला म्हणू. असे पेले मुंबईत अनेक वाटांनी आले. काळ्या घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानांतून साहेब लोक आणि त्यांच्या राहणीशी बरोबरी करणारी शहरातील श्रीमंत घराणी विलायती काच विकत घेत. वसई, वांदरे, गोराई या भागांतील ईस्ट इंडियन, म्हणजे येथील मूळ रहिवासी ख्रिस्ती, कुटुंबांत लग्नकार्याला घरी केलेली वाइन देण्याची रीत असल्याने तेथे छोट्या पेल्यांचे संच जिवापाड जपले गेले. बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी बंदराबंदरांतून दोन-चार पेले आणले, परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांनी भेट पाठवले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आल्यावर यांतील बरेच पेले कपाटाच्या वरच्या फळीवर गेले, तर काहींतून पाहुण्यांना आइसक्रीम आणि फालुदा दिला जाऊ लागला. गंमत अशी की अमेरिकेतही १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, आणि तेथे पसरट वाटीचा शॅम्पेनचा पेला 'उंच शर्बत' या नावानेही विकला जात असे; तिकडे शर्बत म्हणजे आइसक्रीमसारखा गोठवलेला गोड पदार्थ. त्यामुळे "आमच्याकडे हे आइसक्रीमचेच पेले म्हणून आले" असे एखाद्या आजींनी सांगितले, तर त्यांना हसण्याचे कारण नाही.

आम्लाची नक्षी कशी होते

ओळखीची सुरुवात नक्षी कशी झाली येथून करावी, कारण तिच्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. काचेचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे वाळू. बहुतेक आम्लांचा तिच्यावर परिणाम होत नाही, म्हणून तर प्रयोगशाळेत आम्ले काचेच्या बाटलीत ठेवतात. हायड्रोफ्लुओरिक आम्ल मात्र सिलिकाला विरघळवते. काचेचा जो भाग मेणासारख्या आम्लरोधक थराने झाकलेला असेल तो सुरक्षित राहतो आणि जो उघडा असेल तो झिजतो, एवढेच या कारागिरीचे तत्त्व. इंग्लंडमधील स्टुअरब्रिज परिसरातील काच-कारखानदार बेंजामिन रिचर्डसन यांनी १८५७ मध्ये आम्लनक्षीच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढच्या दशकात त्याच परिसरातील जॉन नॉर्थवुड यांनी या कामासाठी यंत्रे तयार केली. शुद्ध आम्लाने झिजलेला भाग बराचसा पारदर्शक राहतो. आम्लात फ्लुओराइडचे क्षार मिसळले तर तो धुरकट पांढरा होतो. आपण ज्याला 'दुधी नक्षी' म्हणतो ती या दुसऱ्या प्रकाराने होते. हे आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते, म्हणून घरी करून पाहण्याच्या प्रयोगांत त्याला स्थान नाही.

विसाव्या शतकातील अमेरिकी पेल्यांवर जी फुलांची, वेलींची, गोफांची दाट नक्षी दिसते ती बहुधा छापाच्या पद्धतीने केलेली असते. पोलादी पाटीवर नक्षी आधी कोरलेली असे. त्या पाटीवर मेणमिश्रित शाई लावून तिचा छाप अतिशय पातळ कागदावर घेत, तो कागद पेल्याच्या वाटीभोवती बसवत आणि मग अलगद काढून घेत, म्हणजे शाई काचेवर राही आणि नक्षीच्या रेषा तेवढ्या उघड्या राहत. उरलेला पेला आतून-बाहेरून मेणाने झाकून आम्लात बुडवला जाई आणि शेवटी गरम पाण्याने मेण उतरवले जाई. हे काम नाजूक हाताचे होते, पण नक्षी मात्र छापील होती, आणि या दोन्ही गोष्टींच्या खुणा पेल्यावर राहतात. छापील असल्याने एकाच संचातील प्रत्येक पेल्यावर पाकळी न् पाकळी सारखी असते आणि सर्व रेषांची खोली जवळजवळ एकच असते. हाताने कागद गुंडाळलेला असल्याने कागदाची दोन टोके जेथे जुळतात तेथे नक्षी केसभर सरकलेली, क्वचित एखादी वेल मध्येच तुटलेली दिसते. हा सांधा दोष मानू नये. मला तर तो सापडला की बरे वाटते, कारण नवी नक्कल इतकी तसदी घेत नाही.

दुसरी पद्धत सुईची. संपूर्ण पेल्यावर मेण चढवून यंत्राला जोडलेल्या सुयांनी त्यावर रेषा ओढत आणि मग आम्ल लावत. यंत्र फिरत राहिल्याने या नक्षीत एकात एक गुंफलेली वर्तुळे, लाटा, काटकोनी वळणांच्या पट्ट्या अशा न थांबणाऱ्या रेषा असतात आणि त्या केसासारख्या बारीक असतात. राजा सातव्या एडवर्डच्या काळातील, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील, इंग्रजी पेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे अमेरिकी पेले यांवर ही नक्षी पुष्कळ दिसते. ती सुंदर असते, परंतु अनेक कारखान्यांनी जवळजवळ सारखीच केली असल्याने केवळ तिच्यावरून कारखान्याचे नाव सांगणे धाडसाचे ठरते.

आम्लनक्षीशी ज्यांची गल्लत होते ते प्रकार बोटांनी आणि भिंगाने वेगळे करता येतात. कापीव काचेत खाचा खोल आणि धारदार असतात. बोट फिरवले की कडा जाणवतात आणि खाचेच्या तळाशी प्रकाश चमकतो. तांब्याच्या फिरत्या चकतीने कोरलेल्या नक्षीत खोली बदलत जाते, म्हणजे पाकळीचे टोक उथळ आणि देठ खोल असा फरक दिसतो, आणि दोन पेल्यांवरची फुले तंतोतंत जुळत नाहीत. हे सर्वांत कष्टाचे आणि सहसा सर्वांत महाग काम. वाळूच्या फवाऱ्याने केलेली नक्षी भिंगाखाली खरखरीत, चेचल्यासारखी दिसते आणि तिच्यात बारीक रेषा सहसा नसतात. साच्यात दाबून काढलेल्या पेल्यात नक्षीच्या कडा गोलसर, विरघळल्यासारख्या असतात आणि वाटीवर साच्याचे शिवण जाणवते. पांढऱ्या शाईने छापलेली नक्षी काचेच्या पृष्ठभागाच्या किंचित वर असते आणि जुनी झाली की तिचे पोपडे निघतात. लेझरने केलेल्या आजच्या नक्षीत भिंगाखाली ठिपक्यांची किंवा समांतर ओळींची जाळी दिसते. पंधरा-वीस पेले हाताळले की हा फरक भिंगाशिवायही कळू लागतो.

नक्षी पाहण्याचीही एक रीत आहे. खिडकीसमोर धरून पेला पाहिला तर समोरची आणि मागची नक्षी एकमेकींत मिसळते आणि काही कळत नाही. काळ्या कागदाची सुरळी करून वाटीत बसवावी आणि मोबाइलची बत्ती बाजूने, तिरपी धरावी. नक्षी पांढऱ्या रांगोळीसारखी उठून दिसते. छायाचित्रही याच स्थितीत घ्यावे. अशी चार स्वच्छ छायाचित्रे आणि चार मापे, म्हणजे पूर्ण उंची, वाटीच्या तोंडाचा व्यास, तळाचा व्यास आणि काठोकाठ भरल्यावर मावणारे पाणी मिलिलिटरमध्ये, एवढे जवळ असले तर ओळखीचे निम्मे काम झाले असे समजावे.

अंग वेगळे, नक्षी वेगळी

नवखा माणूस जेथे हमखास चुकतो ती जागा ही. पेल्याचे नाव दोन गोष्टींनी मिळून बनते. एक त्याचे अंग, म्हणजे नक्षी नसलेला कोरा पेला, ज्याचा आकार आणि दांडी ठरलेली असते आणि ज्याला कारखाना क्रमांक देतो. दुसरी त्यावर चढवलेली नक्षी, जिला बहुधा नाव असते. एकच अंग अनेक नक्ष्यांसाठी वापरले जाई आणि एकच नक्षी वेगवेगळ्या अंगांवर चढवली जाई. साडीचे उदाहरण घेतले तर पोत आणि काठ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नुसत्या मोराच्या काठावरून कुणी साडीला पैठणी म्हणत नाही, तसेच नुसत्या गुलाबाच्या नक्षीवरून पेल्याला नाव देऊ नये. गुलाबाची नक्षी तर जवळजवळ प्रत्येक कारखान्याने काढली.

अमेरिकी पेल्यांच्या बाबतीत ही विभागणी फार उपयोगी पडते, कारण तेथील कारखान्यांनी अंगाचे क्रमांक आणि नक्षीची नावे काटेकोरपणे सूचिपत्रांत छापली. फोस्टोरिया ही कंपनी १८८७ मध्ये ओहायो राज्यातील त्याच नावाच्या गावी सुरू झाली, काही वर्षांतच वेस्ट व्हर्जिनियातील माउंड्सव्हिल येथे गेली आणि १९८६ मध्ये बंद पडली. तिची 'नवार' ही नक्षी १९३६ पासून १९८२ पर्यंत निघत राहिली आणि तिचे पेले ६०१६ या क्रमांकाच्या अंगावर आहेत. केंब्रिज कंपनी ओहायोतीलच. तिची 'रोझ पॉइंट' ही लेसच्या कामासारखी दाट नक्षी संग्राहकांत सर्वाधिक मागणी असलेल्या नक्ष्यांपैकी एक आहे आणि ती ३१२१ या अंगावर पुष्कळदा दिसते. न्यूअर्क, ओहायो येथील हायझी कंपनीची 'ऑर्किड' नक्षी १९४० च्या सुमाराची. तिच्यात फुलाची ठेवण इतकी स्पष्ट असते की एकदा पाहिल्यावर दुसऱ्यांदा शंका येत नाही. टिफिन, मॉर्गनटाउन, डंकन अँड मिलर ही आणखी काही नावे याच काळातील आणि याच पट्ट्यातील. या भागात नैसर्गिक वायू मुबलक सापडल्याने भट्ट्यांना स्वस्त इंधन मिळाले, म्हणून इतके कारखाने एकमेकांच्या शेजारी उभे राहिले.

नक्षीला नाव देण्यामागे व्यापाराचे गणित होते. अमेरिकेत नवरी मुलगी लग्नाआधी दुकानात आपली नक्षी नोंदवून ठेवत असे आणि नातेवाईक त्या नक्षीचे एक-एक, दोन-दोन पेले भेट देत; फुटला तर तोच पेला वर्षांनंतरही सुटा विकत मिळत असे. या सवयीमुळे तेथे आजही सुटा पेला नावानिशी शोधणारे गिऱ्हाईक आहे आणि जुन्या नक्ष्यांचे सुटे नग पुरवणारे व्यवसाय चालतात. आपल्याकडे भांडी वजनावर आणि संच डझनावर घेण्याची रीत, म्हणून मुंबईत नक्षीचे नाव कुणी विचारत नाही, 'किती आहेत?' असे विचारतात. किमतीच्या प्रकरणात हा फरक पुन्हा येईल.

युरोपीय पेल्यांत असे सरळ काम नसते. बोहेमियातील शेकडो लहान-मोठ्या कारखान्यांनी एकमेकांसारखा माल काढला आणि त्यावर निर्यातदाराची चिठ्ठी लावली. चिठ्ठी धुतली गेली की ओळखही गेली. फ्रान्सच्या बाकारा कारखान्याचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १७६४ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याची 'रोहन' ही बारीक वेलबुट्टीची आम्लनक्षी एकोणिसाव्या शतकातील असली तरी ती विसाव्या शतकातही निघत राहिली, तेव्हा नक्षी जुनी म्हणून पेला जुना असे होत नाही. तेथे शिक्का पाहावा लागतो, कारण १९३६ पासून बाकाराने प्रत्येक नगावर आम्लाने उमटवलेला गोल शिक्का देण्यास सुरुवात केली. म्हणजे शिक्का असलेला पेला १९३६ नंतरचा. शिक्का नसलेला पेला मात्र त्याआधीचा बाकारा असू शकतो किंवा बाकारा नसूही शकतो, आणि विक्रेत्याच्या तोंडून यातील पहिलाच अर्थ ऐकू येतो.

शिक्का, आवाज आणि झीज

शिक्क्याविषयी लोकांची अपेक्षा फार असते, पण बहुसंख्य आम्लनक्षीच्या पेल्यांवर शिक्का नसतोच. फोस्टोरियाच्या पेल्यांवर बहुधा कागदी चिठ्ठी असे. हायझीचा शिक्का पत्त्यांतील चौकटच्या चिन्हात इंग्रजी एच अक्षर असा आहे, केंब्रिजचा त्रिकोणात सी असा, परंतु फुंकून केलेल्या पातळ पेल्यांवर तो दिसेलच असे नाही. उलट शिक्का असूनही घोटाळा होऊ शकतो : १९५७ मध्ये हायझी बंद पडल्यावर तिचे साचे इंपीरियल कंपनीने विकत घेतले आणि काही माल त्याच साच्यांतून पुढेही निघाला. काही इंग्रजी पेल्यांवर तळाच्या मध्याशी किंवा कडेला आम्लाने उमटवलेले बारीक नाव असते. ते कोरड्या तळावर तोंडाची वाफ सोडली की क्षणभर स्पष्ट दिसते. देशाचे नाव काळ ठरवायला मदत करते. 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' असे असेल तर पेला १९१८ नंतरचा आणि १९९३ पूर्वीचा, कारण तो देशच तेवढ्या काळात होता. 'ऑक्युपाइड जपान' असे असेल तर १९४५ ते १९५२ या सात वर्षांतला.

आवाजाची कसोटी सर्वांना ठाऊक असते आणि तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो. दांडी धरून वाटीच्या कडेवर नखाने टिचकी मारली तर शिसे असलेली काच बराच वेळ घुमते, साधी काच 'टक्' करून थांबते. हा फरक शिशाचा आहे, वयाचा नाही. चोवीस टक्के शिशाचा ऑक्साइड असलेली काच मागच्या महिन्यात तयार झालेली असली तरी ती घुमतेच. टिचकीचा खरा उपयोग दुसराच. संचातील पाच पेले घुमले आणि सहावा मुका राहिला तर त्या सहाव्यात कुठेतरी न दिसणारी तडा आहे असे समजून शोध घ्यावा. नोटा तपासण्याच्या अतिनील बत्तीचेही असेच : तिच्याखाली पोपटी हिरवी झळाळणारी काच युरेनियम मिसळलेली असते आणि मँगनीज असलेली काच मंद हिरवी दिसते, पण त्यावरून कारखान्याचे नाव कळत नाही.

वय सांगण्यात सर्वांत प्रामाणिक भाग म्हणजे तळ. पन्नास-साठ वर्षे जो पेला लाकडी फळीवर, ओट्यावर, ट्रेमध्ये ठेवला-उचलला गेला त्याच्या तळाची जी कड टेकते तेवढीच झिजते आणि त्या झिजेतील ओरखडे सर्व दिशांना, लहान-मोठे, अनियमित असतात. मुद्दाम जुना केलेला पेला सँडपेपरवर फिरवलेला असतो, त्यामुळे ओरखडे एकाच दिशेचे किंवा गोलाकार असतात आणि जो भाग टेकत नाही तोही खरवडलेला असतो. अजिबात झीज नसलेला पेला लगेच नवा ठरवू नये, कारण आपल्याकडे चांगली काच न वापरता ठेवून देण्याची प्रथा आहेच.

आता स्थिती. काठावरचा टवका डोळ्याला दिसत नाही. डोळे मिटून नखाची कड काठावरून हळू फिरवावी, नख अडते तेथे टवका. याहून अवघड गोष्ट म्हणजे टवका काढण्यासाठी काठच घासून बसका केलेला पेला. काही वर्षांपूर्वी मी हौसेने शेरी या मद्याचे सहा पेले घेतले. घरी आल्यावर सहज पट्टी लावली तेव्हा त्यांतील एक चार मिलिमीटर बुटका निघाला. त्याच्या काठाला तिरपी धार होती आणि नक्षीची वरची किनार इतरांपेक्षा तोंडाच्या जवळ आलेली होती. मी ज्याच्याकडून घेतले त्याने फसवले असे म्हणवत नाही, त्यालाही ते ठाऊक नसावे. तेव्हापासून खिशात पट्टी असल्याशिवाय मी पेले पाहायला जात नाही.

धुरकटपणाचा प्रश्न मुंबईत विशेष आहे. तलावांतून येणारे महापालिकेचे पाणी मृदू असते, पण अनेक इमारतींत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरले जाते आणि त्यातील क्षारांचा पांढरा थर काचेवर बसतो. असा पेला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवला की थर सुटतो. सुटला नाही, तर काच 'आजारी' आहे असे समजावे. दीर्घकाळ ओलावा लागून काचेतील सोडा-पोटॅशसारखे घटक पृष्ठभागातून बाहेर झिरपतात आणि काच कायमची मंद होते; समुद्राकाठच्या दमट हवेत, कुबट कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या पेल्यांना हे आधी होते. अशा पेल्याला तेल पुसून विकण्याची युक्ती जुनी आहे, म्हणून घेण्याआधी पेला साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून पाहण्याचा आग्रह धरावा. डिशवॉशरमध्ये वारंवार धुतलेली काचही अशीच कायमची मंद होते.

मोल कशाचे

किंमत सांगा म्हटले की आधी विचारावे लागते की कोणती. एका पेल्याला निदान तीन किमती असतात. परदेशातील सुटे पेले पुरवणारा दुकानदार ज्या दराने विकतो ती एक, लिलावात प्रत्यक्ष मिळते ती दुसरी आणि मुंबईतला विक्रेता तुमच्याकडून घेताना देतो ती तिसरी. समजा, परदेशी दुकानाच्या यादीत एका पेल्याला ४,००० रुपये लिहिलेले आहेत. त्या दुकानाला साठा ठेवायचा असतो, धुवायचा असतो, फुटीचा तोटा सोसायचा असतो, आणि तो पेला वर्षभर विकला न जाण्याची शक्यता धरायची असते. म्हणून लिलावात त्याच पेल्याचे १,५०० आले तरी नवल नाही, आणि मुंबईत फक्त 'जुना वाइन ग्लास' म्हणून त्याला ३०० रुपये मिळाले तर त्यात लूटच झाली असे मानण्याचे कारण नाही. हे आकडे केवळ प्रमाण दाखवण्यासाठी घेतले आहेत. इंटरनेटवर किंमत पाहताना लोकांनी मागितलेली किंमत सोडून द्यावी आणि ज्या किमतीला व्यवहार पूर्ण झाले तीच पाहावी. मागणारा काहीही मागू शकतो.

वयाला जितके महत्त्व दिले जाते तितके ते नसते. दीडशे वर्षांचा, पण नाव नसलेला, सुटा इंग्रजी पेला स्वस्तात मिळतो आणि १९४० च्या दशकातील नावाजलेल्या नक्षीचा पेला त्याच्या कितीतरी पट जातो, कारण दुसऱ्याच्या मागे संच पुरा करू पाहणारे गिऱ्हाईक उभे असते. एकाच नक्षीतही आकाराप्रमाणे भाव बदलतो. पाण्याचे मोठे पेले आणि पसरट शॅम्पेनचे पेले पुष्कळ विकले गेले, म्हणून ते सहज मिळतात; जेवणानंतरच्या गोड मद्यासाठीचा, जेमतेम तीस मिलिलिटरचा कॉर्डियलचा पेला कमी घरांनी घेतला, तो लहान असल्याने हरवला-फुटलाही अधिक, आणि म्हणून बहुतेक नक्ष्यांत तोच महाग असतो. ईस्ट इंडियन घरांतील वाइनच्या छोट्या पेल्यांकडे म्हणूनच जरा निरखून पाहावे. रंगाचेही तसेच. 'नवार' मुळात बिनरंगी. तिचे गुलाबी आणि निळे पेले १९७० च्या दशकात निघाले, म्हणजे रंगीत पेला नवा असूनही त्याला चाहते आहेत.

संख्येचा हिशोब मुंबईत वेगळा. येथे नक्षीचे नाव ओळखून सुटा पेला घेणारे थोडे, आणि सिनेमाच्या, जाहिरातींच्या चित्रीकरणाला सामान पुरवणारे, उपाहारगृहे सजवणारे किंवा घरातील कपाट भरू पाहणारे लोक अधिक. त्यांना सहा किंवा बारा सारखे दिसणारे पेले हवे असतात. म्हणून पाच पेल्यांच्या संचाची किंमत सहाच्या संचाच्या पाच-षष्ठांश नसते, त्याहून बरीच कमी असते, आणि बारांतील एक टवका गेलेला पेला बाकी अकरांचाही भाव उतरवतो. याच कारणाने संच वारसांत वाटून देण्यापूर्वी थोडा विचार करावा. तीन भावंडांना चार-चार पेले देणे न्याय्य असले तरी बाजाराच्या दृष्टीने ते एक वस्तू मोडून तीन तुकडे करण्यासारखे आहे. माझे व्यक्तिगत मत असे की ज्याच्या घरी ते खरोखर वापरले जातील त्याला सगळे द्यावेत.

परदेशात विकून जास्त पैसे मिळवण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. तो करताना बांधणी, पाठवणी, वाटेतील फूट आणि तिकडचे कर वजा करून उरते काय ते आधी मांडावे; नावाजलेल्या नक्षीचा कॉर्डियलचा संच असेल तरच हा खटाटोप परवडतो. शिवाय १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वयाविषयी शंका असेल तर वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावे लागते. विम्यासाठी किंमत लिहायची असेल तर ती पुन्हा विकत घेण्याच्या दराने लिहावी, विकण्याच्या दराने नव्हे, कारण फुटल्यावर आपल्याला तो पेला दुकानातूनच आणावा लागणार.

पेले वापरायला हरकत नाही. शिसेयुक्त पेल्यातून जेवणापुरते पेय प्यावे, मात्र त्या काचेच्या सुरईत मद्य किंवा सरबत दिवसेन्‌दिवस साठवून ठेवू नये, कारण आंबट द्रवात शिसे हळूहळू उतरते. धुताना बेसिनमध्ये जाड टॉवेल अंथरावा, कोमट पाणी घ्यावे, आणि पुसताना एका हाताने तळ व दुसऱ्या हाताने वाटी पिळू नये. दांडी नेमकी तेव्हाच मोडते. ठेवताना तोंड वर ठेवावे, कारण पालथा ठेवल्यास सर्व भार सर्वांत पातळ काठावर येतो आणि आत दमट हवा कोंडते. पावसाळ्यात कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि पाऊस उघडला की दारे काही वेळ मोकळी सोडावीत. आणि प्रत्येक संचासोबत एक चिठ्ठी असावी : पेले कुणाचे, कुठून व साधारण कोणत्या साली आले, मापे काय, कोणत्या पेल्याला कुठे टवका आहे. माझ्या त्या सहा पेल्यांच्या डब्यातही अशी चिठ्ठी आहे, आणि तिच्यावर पहिल्याच ओळीत बुटक्या पेल्याची उंची लिहिलेली आहे.